मांजरासाठी खाद्य निवडताना पाकिटावरचे आकडे कसे वाचावेत?

प्रश्न : कोथरूडकर
नमस्कार. आमच्याकडे दोन वर्षांचा लॅब्रेडॉर आणि एक गावठी मांजर आहे. घरात मांसाहार शिजत नाही, त्यामुळे कुत्र्याला दूध-पोळी आणि जोडीला कोरडे खाद्य देतो. मांजरही बहुधा त्याच्याच वाडग्यातले दाणे खाते. तिच्यासाठी वेगळे खाद्य आणायला गेलो, तेव्हा कोरड्या खाद्याच्या पिशवीवर ३० टक्के प्रथिने आणि ओल्या खाद्याच्या पाकिटावर केवळ ८ टक्के प्रथिने असे छापलेले दिसले, तरीही दुकानदार ओल्याचीच शिफारस करत होता. निवड नेमकी कशावरून करावी?

प्रतिसाद : सह्यवासी
हे दोन आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत, कारण ते पाण्यासकट वजनावर काढलेले असतात. ओल्या खाद्यात ८० टक्के पाणी असेल, तर उरलेल्या २० भागांत ८ भाग प्रथिने, म्हणजे कोरड्या वजनावर ४० टक्के होतात. १० टक्के ओलावा असलेल्या पिशवीतले ३० टक्के याच हिशेबाने सुमारे ३३ टक्के ठरतात. घटकांच्या यादीतही हेच ध्यानात ठेवावे : यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते आणि ताज्या कोंबडीत निम्म्याहून अधिक पाणीच असल्यामुळे ती पहिल्या क्रमांकावर दिसते. मी तर यादीच्याही आधी, ते खाद्य ‘संपूर्ण आणि संतुलित’ आहे की केवळ ‘पूरक’, आणि कोणत्या वयाच्या प्राण्यासाठी आहे, हे वाचतो. पूरक खाद्य कितीही महाग असले, तरी रोजचे जेवण म्हणून पुरत नाही.

प्रतिसाद : मनीची आई
आपल्या प्रश्नातली मला सर्वांत काळजीची वाटलेली गोष्ट म्हणजे मांजराने रोज कुत्र्याचे दाणे खाणे. ते कृपया लवकर थांबवा. मांजराला टॉरिन हे द्रव्य आहारातूनच पुरेसे मिळावे लागते. ते दीर्घकाळ कमी पडले, तर डोळ्यांतील पडदा निकामी होतो आणि हृदयाचे स्नायू दुबळे पडतात. हृदयविकाराशी असलेला हा संबंध अमेरिकेतील संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवून दिला. कुत्रा बहुतेक वेळा शरीरातच टॉरिन तयार करतो, म्हणून त्याच्या खाद्यात ते घातलेले असेलच असे नाही. गाजरातल्या कॅरोटीनपासून जीवनसत्त्व ‘अ’ बनवणेही मांजराला जमत नाही. अमेरिकी मानकांत प्रौढ कुत्र्यासाठी कोरड्या वजनावर किमान १८ टक्के प्रथिने सांगितली आहेत आणि मांजरासाठी २६ टक्के. घरात मांसाहार शिजवायचा नसेल, तर मांजरासाठीचे तयार संपूर्ण खाद्य हाच मार्ग मला योग्य वाटतो. पाणी कमी पिणाऱ्या मांजराला ओले खाद्य विशेष उपयोगी पडते.

प्रतिसाद : घाटवाट
कुत्र्याविषयी थोडेसे. दूध-पोळीने पोट भरते, पण पोषण पूर्ण होत नाही. नुसते चिकन-भात दिल्यास कॅल्शियम कमी पडते. घरचेच द्यायचे असेल, तर पशुवैद्यांकडून प्रमाण ठरवून घ्यावे आणि कांदा-लसणाची फोडणी पडलेले काहीही देऊ नये, कारण त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात. द्राक्षे आणि बेदाणेही वर्ज्य. लॅब्रेडॉर मागेल तितके देत गेल्यास वजन झपाट्याने वाढते, म्हणून दाणे वजनकाट्यावर मोजावेत आणि बरगड्या हाताला सहज लागतात का, हे अधूनमधून पाहावे.

नवे खाद्य जुन्यात मिसळत सात ते दहा दिवसांत बदलावे. दुकानातल्या उघड्या पोत्यातले सुटे दाणे मात्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत : वेष्टन नसल्यामुळे मुदत कळत नाही, आणि पावसाळ्यात त्यांना बुरशी लागते.