सिल २ प्रमाणपत्र असलेला ट्रान्समीटर बसवला म्हणजे इंटरलॉक सिल २ होतो का?

प्रश्न: मळी ते इथेनॉल, सोलापूर

नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या आसवनी प्रकल्पात मी इन्स्ट्रुमेंट विभागाचे काम पाहतो. इथेनॉलची साठवण टाकी ओसंडू नये म्हणून अतिउच्च पातळीला आवक बंद करणारा स्वतंत्र इंटरलॉक (आपोआप काम करणारी सुरक्षा यंत्रणा) बसवायचा आहे. हॅझॉपनंतरच्या (धोके शोधण्याच्या अभ्यासानंतरच्या) लोपा अभ्यासात, म्हणजे संरक्षणाचे थर मोजून जोखीम ठरवणाऱ्या अभ्यासात, या इंटरलॉकने जोखीम किमान १५० पटींनी कमी करावी असे निघाले असून सल्लागारांनी त्यापुढे सिल २ (सुरक्षेच्या विश्वासार्हतेची पातळी) असे लिहिले आहे. पुरवठादाराने रडार लेव्हल ट्रान्समीटरबरोबर सिल २ चे आणि फ्लेमप्रूफचे (स्फोटक वाफेत सुरक्षित असल्याचे) अशी दोन प्रमाणपत्रे दिली असून, ती फाइलला लावली की काम झाले, असे त्याचे म्हणणे आहे. व्हॉल्व्ह मात्र भांडारात असलेलाच न्यूमॅटिक बॉल व्हॉल्व्ह वापरावा आणि ट्रिपचे (आवक आपोआप तोडण्याचे) लॉजिक सध्याच्या डीसीएसमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या नेहमीच्या नियंत्रण प्रणालीत, लिहावे, असा खरेदी विभागाचा आग्रह आहे. ट्रान्समीटरच्या प्रमाणपत्रावर संपूर्ण इंटरलॉकला सिल २ म्हणता येईल का, आणि नसल्यास नेमके काय कमी पडते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: लूप तपासनीस

नमस्कार. म्हणता येणार नाही. सिल ही पातळी संपूर्ण सुरक्षा कार्याची असते, म्हणजे पातळी मोजण्यापासून व्हॉल्व्ह प्रत्यक्ष मिटेपर्यंतच्या साखळीची. ट्रान्समीटरचे प्रमाणपत्र आयईसी ६१५०८ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार असते आणि ते उपकरण बनवणाऱ्याला उद्देशून आहे. तुमच्यासारख्या वापरकर्त्याला लागू होणारे मानक आयईसी ६१५११ आहे, ज्याची दुसरी आवृत्ती २०१६ मध्ये आली. त्यानुसार आकडेमोड, मांडणी, चाचणी आणि नोंदी ही सगळी जबाबदारी प्रकल्पाकडे येते.

आकडेमोड एकदा हाताने करून पाहावी, म्हणजे पैसा कुठे घालायचा ते कळते. पुढील दर मी उदाहरणासाठी धरले आहेत. तुम्ही तुमच्या उपकरणांच्या सेफ्टी मॅन्युअलमधले घ्यावेत. न सापडणाऱ्या धोकादायक बिघाडाचा दर गुणिले चाचणीचे अंतर भागिले दोन, हे एकेरी मांडणीसाठीचे ढोबळ सूत्र आहे. ट्रान्समीटरचा दर अब्ज तासांत १०० बिघाड धरला आणि वर्षातून एकदा, म्हणजे ८,७६० तासांनी प्रूफ टेस्ट (दडलेले बिघाड शोधणारी चाचणी) केली, तर मागणीच्या वेळी निकामी असण्याची सरासरी शक्यता सुमारे ०.०००४ येते. सेफ्टी पीएलसीची (ट्रिपचे लॉजिक चालवणाऱ्या सुरक्षा नियंत्रकाची) ०.०००१ धरू. सोलेनॉइड, ॲक्च्युएटर आणि बॉल व्हॉल्व्ह मिळून अब्ज तासांत १,५०० बिघाड धरले, तर एकट्या या भागाची शक्यता ०.००६६ होते. बेरीज ०.००७१, म्हणजे जोखीम सुमारे १४० पटींनी कमी होते. सिल २ चा पट्टा ०.०१ ते ०.००१ असल्यामुळे कागदावर सिल २ मिळाले, पण तुमच्या लोपाने मागितलेले १५० मिळाले नाहीत. सल्लागारांनी नुसते सिल २ न लिहिता आकडाही दिला, हे चांगले केले. तोच आकडा पूर्ण करावा लागेल.

यात नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा व्हॉल्व्हच्या बाजूचा आहे. ट्रान्समीटर सिल ३ चा आणला तरी बेरजेत जवळपास काहीच बदलत नाही; उलट व्हॉल्व्हची चाचणी सहा महिन्यांनी केली, तर त्याचा वाटा ०.००३३ वर येऊन एकूण घट सुमारे २६० पटींवर जाते. भांडारातला व्हॉल्व्ह वापरायचा आणि ट्रान्समीटरवर खर्च करायचा, हे गणित नेमके उलटे आहे.

डीसीएसबद्दल थोडक्यात: साध्या नियंत्रण प्रणालीच्या एका संरक्षण थरावर आयईसी ६१५११ दहा पटींहून जास्त श्रेय घेऊ देत नाही. १५० पटींचे लॉजिक तिथे लिहिता येणार नाही.

उत्तर २: झोन एक

वरील उत्तराशी सहमत आहे. फ्लेमप्रूफच्या कागदाबद्दल लिहितो, कारण तो आणि सिलचा कागद यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक सांगतो की उपकरण स्फोटक वाफेत ठिणगीचे कारण होणार नाही. दुसरा सांगतो की गरजेच्या वेळी ते काम करण्याची शक्यता किती. दोन्ही लागतात आणि दोन्ही स्वतंत्रपणे तपासावे लागतात.

पहिली तपासणी झोनची. टाकीच्या आतली वाफेची जागा सामान्यतः झोन ० (स्फोटक वाफ सतत किंवा दीर्घकाळ असणारी जागा) मानली जाते आणि रडारचा अँटेना तिथेच उघडा असतो. केवळ फ्लेमप्रूफ पद्धतीचे संरक्षण झोन ० ला चालत नाही. म्हणून प्रमाणपत्रावर जीए/जीबी अशी जोड खूण (अँटेनाची बाजू झोन ० ला आणि बाकी उपकरण झोन १ ला चालते, असे सांगणारी) आहे का, हे पाहावे. गॅस गट (वायूच्या स्फोटकतेनुसार ठरणारा वर्ग) आयआयबी किंवा त्याहून कडक असावा, कारण आयईसीच्या सध्याच्या तक्त्यात इथेनॉल आयआयबी मध्ये आहे. आपल्याकडच्या मान्यतेसाठी नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोचे (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचे) मान्यतापत्रही त्याच मॉडेल क्रमांकाचे आहे ना, हे अक्षरन् अक्षर ताडून पाहावे.

दुसरी गोष्ट सोलापुरात हमखास अडते. नामपट्टीवर टीए (सभोवतालच्या तापमानाची मर्यादा) ही खूण स्वतंत्रपणे दिलेली नसेल, तर प्रमाणपत्र उणे २० ते अधिक ४० अंश सेल्सिअस एवढ्याच सभोवतालच्या तापमानासाठी वैध असते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो, आणि टाकीच्या माथ्यावर पत्र्याच्या उष्णतेत उपकरणाभोवतीचे तापमान किती जाते ते तुम्ही जाणताच. टीए ६० किंवा अधिक असलेले मॉडेल मागवावे आणि वर सनशेड बसवावी. इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट तेरा-चौदा अंशांच्या आसपास असल्याने येथे वर्षातला बहुतेक काळ सांडलेल्या द्रवावर पेटू शकणारी वाफ असणारच, हे गृहीत धरूनच चालावे. जाता जाता एक: केबल ग्लँडही प्रमाणित असावी आणि न वापरलेल्या एन्ट्रीवर प्लॅस्टिकचे बूच ठेवू नये, महागडे प्रमाणपत्र निरर्थक करण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

उत्तर ३: जुना व्हॉल्व्ह

व्हॉल्व्हबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. प्रमाणपत्र नाही एवढ्यावरून भांडारातला व्हॉल्व्ह बाद करू नये. आयईसी ६१५११ मध्ये पूर्वानुभवाच्या आधारे उपकरण स्वीकारण्याची मुभा आहे. मात्र त्यासाठी त्याच बनावटीचे व्हॉल्व्ह अशाच सेवेत किती तास चालले, कितीदा अडकले, दुरुस्तीत काय निघाले, याच्या लेखी नोंदी असाव्या लागतात. "आमच्याकडे कधीच बिघडला नाही" हे तोंडी विधान पुरावा ठरत नाही. नोंदी नसतील तर नवा व्हॉल्व्ह घेणेच स्वस्त पडेल.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे ट्रिप आल्यावर व्हॉल्व्ह मिटावा आणि शिवाय आवक पंपाचा कॉन्टॅक्टरही (पंपाची वीज जोडणारा स्विच) सेफ्टी पीएलसीच्या स्वतंत्र आउटपुटने सुटावा. दोहोंपैकी एकानेही आवक थांबते, तेव्हा अंतिम घटक एकेरी राहत नाही आणि मिटलेल्या व्हॉल्व्हवर पंप चालत राहण्याचा त्रासही टळतो. पंप बंद असताना गुरुत्वाने किंवा सायफनने द्रव येत नाही, याची खात्री मात्र आधी पाइपिंगच्या आराखड्यावर करून घ्यावी.

प्रश्नकर्ता: मळी ते इथेनॉल

सर्वांचे मनापासून आभार. पंपाची सूचना खरेदी विभागालाही पटेल असे दिसते. एक अडचण उरते. गळीत हंगामात प्रकल्प थांबवता येत नाही आणि मोठी दुरुस्ती ऑफ सीझनलाच होते. मग सहा महिन्यांची चाचणी कशी बसवावी? दुसरे, प्रमाणपत्राबरोबर आलेल्या सेफ्टी मॅन्युअलमध्ये ट्रान्समीटरच्या बिघाडाच्या करंटबद्दल एक अट आहे, ती नीट समजली नाही.

उत्तर ४: लूप तपासनीस

चाचणीसाठी प्रकल्प थांबवण्याची गरज नाही. तुमच्याकडे एकाहून अधिक साठवण टाक्या असणारच. आवक दुसऱ्या टाकीकडे वळवली की या टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण मिटवून वेळ मोजता येते. हंगामाच्या मध्यावर एक आणि ऑफ सीझनला सविस्तर एक, असे वेळापत्रक ठेवा.

करंटची अट फार महत्त्वाची आहे. ट्रान्समीटरला स्वतःचा दोष सापडला की तो करंट ३.६ मिलिअँपिअर किंवा त्याखाली, अथवा २१ किंवा त्यावर नेतो, आणि प्रमाणपत्रातले आकडे पीएलसी हे ओळखते असे गृहीत धरून काढलेले असतात. तुमचा ट्रिप उच्च पातळीचा आहे. पीएलसीत ही तपासणी लिहिली नसेल, तर ३.६ चा करंट तिला रिकामी टाकी वाटेल आणि दोष सापडूनही आवक चालू राहील. म्हणून दोन्ही टोकांच्या करंटला ट्रिप किंवा किमान अलार्म आणि ठरावीक मुदतीत दुरुस्ती, असे लिहून घ्या. सेटिंग बदलू नये यासाठी राइट प्रोटेक्टही चालू ठेवा.

चाचणीनंतर सर्व काही मूळ स्थितीत आणल्याची सही वेगळ्या माणसाने करावी. इंग्लंडमधील बन्सफील्ड डेपोत ११ डिसेंबर २००५ रोजी पेट्रोलची टाकी ओसंडून प्रचंड स्फोट झाला. तिथे पातळी दाखवणारा गेज अडकलेला होता आणि स्वतंत्र उच्च पातळी स्विचही निकामी होता, कारण त्याचा तपासणी लिव्हर कामाच्या स्थितीत धरून ठेवणारे कुलूप लावलेलेच नव्हते. तुमच्या इंटरलॉकला बायपास की (इंटरलॉक तात्पुरता निष्क्रिय करणारी किल्ली) असेल, तर ती कुणाकडे आहे आणि किती वाजता परत आली, याची नोंद शिफ्टच्या रजिस्टरमध्ये असावी, आणि बायपास लागलेला असताना डीसीएसच्या पडद्यावर अलार्म पुसता न येणारा असावा.