कोरिप्पो : माणसं डझनभर आणि जागा साडेसात चौ. किमी?

नकाशावेडा
स्वित्झर्लंडच्या तिचिनो कँटनमधल्या (कँटन म्हणजे तिथलं राज्य) कोरिप्पो गावाबद्दल वाचत होतो, वेर्झास्का खोऱ्यात आहे, उंची ५५८ मीटर. जुन्या आकड्यांत लोकसंख्या फक्त डझनभर आणि क्षेत्रफळ साडेसात चौ. किमीच्या वर! फोटोत तर दगडी घरं एकमेकांना चिकटून बसलीयेत. मग बाकीची जागा गेली कुठं? आणि एवढ्या लोकांत ग्रामपंचायत चालते कशी?

उभाचढ
बाकीची जागा उभी आहे भाऊ :) तिकडे हद्द घरांपाशी संपत नाही, पार डोंगराच्या शेंड्यापर्यंत जाते, त्यात जंगल, कुरणं, कडे सगळं आलं. अख्ख्या देशाचंच बघ ना, साधारण पाव जमीन खडक, बर्फ, तळी असली, ज्यात काही पिकत नाही, आणि घरं, रस्ते, कारखाने मिळून ८ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे अशा गावांची दर चौ. किमी घनता काढून काही हाती लागत नाही, उगाच गणित.

मावळतीकर
कोरिप्पो आता स्वतंत्र राहिलेलंच नाही. १८ ऑक्टोबर २०२० ला खोऱ्यातल्या इतर गावांबरोबर ते वेर्झास्का नावाच्या नव्या पालिकेत विलीन झालं, त्यामुळे नव्या तक्त्यांत शोधलंस तर सापडणार नाही. आधी कोरिप्पो ही देशातली सगळ्यात कमी लोकवस्तीची पालिका होती. १९व्या शतकाच्या मध्यात तिथे तीनेकशे लोक होते बरं का. तिचिनोच्या खोऱ्यांतून त्या काळात लोक कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलियाला गेले, सोन्याची हवा होती ना, आणि नंतर खाली लोकार्नो शहराकडे नोकऱ्या मिळायला लागल्या मग वर कोण राहतंय. मागे उरले म्हातारे. कारभाराला उभं राहायला माणसंच नाहीत म्हटल्यावर विलीनीकरण होणारच, देशात १९९० ला ३००० च्या वर पालिका होत्या, आता २१०० च्या आसपास आहेत. ग्लारुस कँटनने तर कमालच केली, २०११ पासून २५ च्या थेट ३!

नकाशावेडा
अच्छा! आणि ते "इथे राहायला या, पैसे घ्या" वालं गाव कुठलं? फॉरवर्डमध्ये आलेलं, खरंय का ते?

पोस्टमास्तरीण
ते अल्बिनेन, वाले (Valais) कँटनमध्ये, साधारण १३०० मीटरवर, लोकसंख्या अडीचशेच्या आसपास. २०१७ मध्ये गावसभेत मतदान होऊन योजना मंजूर झाली हे खरं, पण फॉरवर्डवाले अटी गाळतात. प्रौढाला २५ हजार फ्रँक, मुलामागे १० हजार, पण वय ४५ च्या आत हवं, किमान २ लाख फ्रँकचं घर घ्यायचं किंवा बांधायचं आणि १० वर्षं तिथंच राहायचं, आधी सोडलं तर पैसे परत. परदेशी माणसाला कायम वास्तव्याचा परवाना पण लागतो. म्हणजे बॅग भरू नकोस एवढ्यात 😄

अजून एक, स्विस पासपोर्टवर जन्मगाव नसतं, मूळ गाव असतं, ते घराण्यातून पुढे येतं. त्यामुळे झुरिकमध्ये जन्मलेला माणूस कागदोपत्री अशा एखाद्या खोऱ्यातला असतो, कधी तिथे पाऊल न टाकता. लोकसंख्येत मात्र तो झुरिकलाच मोजला जातो, कारण तिथे मोजणी राहत्या जागेवरून होते. तू बघत होतास ते आकडे कुठल्या सालचे आहेत तेवढं सांग, २०२० च्या आधीचे असतील तरच कोरिप्पो वेगळं दिसेल.