‘कृष्णद्रव्याचा शोध’ : घेतला की लागला?

प्रश्न (महाल, नागपूर)
आमच्या शाळेच्या भित्तिपत्रकासाठी नववीतल्या एका मुलीनं फार मन लावून लेख लिहिला. शीर्षक दिलं, ‘बटू दीर्घिकांमध्ये कृष्णद्रव्याचा शोध’ (कृष्णद्रव्य म्हणजे डार्क मॅटर, न दिसणारं द्रव्य; बटू दीर्घिका म्हणजे आकाराने फार लहान दीर्घिका). शीर्षक वाचून पालक विचारू लागले, “सापडलं का मग शेवटी?” लेखात तर स्पष्ट लिहिलंय की गॅमा किरणांच्या दुर्बिणींना अजून काही दिसलेलं नाही. शीर्षकात खोट आहे का? आणि ‘बटू’ हा शब्द बरोबर आहे ना? आमच्या एक सहकारी बाई ‘खुजी दीर्घिका’ म्हणतात.

उत्तर (धंतोली)
‘बटू’ चालेल. ‘श्वेत बटू’, ‘बटुग्रह’ हे शब्द मराठीत रुळलेले आहेत, त्याच पंगतीत ‘बटू दीर्घिका’ बसते. ‘खुजी’ चुकीचं नाही, पण त्यात थोडा हिणवण्याचा सूर येतो.

खरी गोम ‘शोध’ या शब्दात आहे. ‘हरवलेल्या मुलाचा शोध’ म्हटलं की मूल अजून सापडायचं आहे. ‘पेनिसिलिनचा शोध’ म्हटलं की ते सापडून चुकलं. ‘टेलिफोनचा शोध’ म्हटलं तर ती वस्तू कुणीतरी नव्यानं घडवली. रचना तिन्ही ठिकाणी तीच, ‘अमक्याचा शोध’. अर्थ ठरतो तो क्रियापदावर: शोध घेतात, शोध लागतो, शोध लावतात. शीर्षकात आपण क्रियापद गाळतो आणि तिथेच घोळ होतो.

एरवी वाचणारा संदर्भानं सावरून घेतो. जी गोष्ट आहे हे आधीपासून माहीत असतं तिचा शोध ‘घेतला’ जात असणार, जी माहीतच नव्हती तिचा ‘लागला’ असणार, असा आपला मनातला हिशोब असतो. कृष्णद्रव्य या हिशोबात बसत नाही. ते आहे हे गुरुत्वाकर्षणावरून कळतं. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा दीर्घिकासमूहाच्या गतींवरून ते ओळखलं, पुढे व्हेरा रुबिन यांच्या मोजणीनं ते अधिक ठसलं. पण ते कशाचं बनलंय, हे कुणालाच माहीत नाही. अर्धं माहीत, अर्धं अज्ञात. म्हणून पालकांनी घेतलेला अर्थही चुकीचा म्हणता येत नाही.

उत्तर (प्रतापनगर)
ताई, तुमचं विवेचन पटलं. मी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून प्रत्यक्ष कामाच्या बाजूनं थोडं सांगतो. या कामात ‘घेतला’ आणि ‘लागला’ यांच्या अधेमधेही पायऱ्या आहेत आणि त्यांना आपल्याकडे चांगले शब्द आहेत.

आधी बटू दीर्घिकाच का? १९८३ साली मार्क आरॉन्सन यांनी कालेय तारकासमूहातल्या बटू दीर्घिकेच्या अवघ्या तीन ताऱ्यांच्या गती मोजल्या. ताऱ्यांचं वस्तुमान धरून जेवढ्या असायला हव्यात त्यापेक्षा त्या बऱ्याच जास्त भरल्या. म्हणजे तिथं न दिसणारं पुष्कळ काही आहे. शिवाय या दीर्घिकांत वायू जवळपास नाही, नवे तारे जन्मत नाहीत, त्यामुळे गॅमा किरण सोडणारं दुसरं काही फारसं नसतं. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातून जास्तीचे गॅमा किरण येतात खरे, पण ते कृष्णद्रव्याचे की वेगानं गरगरणाऱ्या मृत ताऱ्यांचे, म्हणजे पल्सारांचे, हा वाद मिटलेला नाही. सणासुदीच्या संध्याकाळी सीताबर्डीच्या मेन रोडवर कुणी हाक मारली तर कोणी, कुठून, कळत नाही, तसं ते आहे. बटू दीर्घिकेत मात्र शांतता आहे. तिथून गॅमा किरण आलेच, तर कृष्णद्रव्याचे कण एकमेकांवर आदळून नाहीसे होताना ते निघाले असावेत, असं म्हणायला जागा राहते.

आता शब्द. २०१५ साली रेटिक्युलम-२ ही नवी बटू दीर्घिका सापडली आणि तिच्या दिशेनं थोडे जास्त गॅमा किरण येताहेत असं काही अभ्यासकांना वाटलं. फर्मी या अवकाशातल्या गॅमा दुर्बिणीच्या चमूनं सुधारित विश्लेषण केलं तेव्हा ते ठोस ठरलं नाही. याला मी ‘चाहूल’ म्हणेन. चाहूल लागते, पण कोणी आलेलंच असतं असं नाही. ‘सुगावा’ त्याच्या पुढची पायरी, त्यात माग काढण्याजोगं काहीतरी हाती असतं. ‘शोध लागला’ हे शब्द मात्र जपून ठेवावेत. कणभौतिकीत त्यासाठी पाच सिग्मांची अट मानतात, म्हणजे निव्वळ योगायोगानं तसं दिसण्याची शक्यता साधारण पस्तीस लाखांत एक.

पुन्हा विचारणा (महाल)
सर, मग फर्मीनं सहा वर्षं पाहून काही दिसलं नाही, त्याला ‘अपयश’ म्हणायचं का? मुलीनं तसंच लिहिलंय आणि मला ते खटकतंय.

उत्तर (प्रतापनगर)
खटकायलाच हवं. फर्मीनं पंधरा बटू दीर्घिकांची सहा वर्षांची निरीक्षणं एकत्र तपासली, त्याचा निष्कर्ष २०१५ मध्ये आला. विश्वात आज आहे तेवढं कृष्णद्रव्य उरायला कणांची एकमेकांना संपवण्याची जी गती लागते, ती धरली तर प्रोटॉनच्या साधारण शंभरपटीपेक्षा हलके कण, निदान काही नेहमीच्या प्रकारांत, आता बसत नाहीत. ला पाल्मा बेटावरच्या मॅजिक दुर्बिणींनी सेग्वे-१ या एकाच बटू दीर्घिकेकडे जवळजवळ १६० तास पाहिलं. तिथंही काही दिसलं नाही, पण जड कण जास्तीत जास्त किती वेगानं एकमेकांना संपवत असतील, याची मर्यादा मिळाली. लडाखमध्ये हानले इथं आपली २१ मीटरची मेस दुर्बीण आहे, तीही याच जातीची. गॅमा किरण हवेत शिरल्यावर उठणारी निळसर, क्षणिक चमक ती टिपते.

म्हणून ‘अपयश’ काढून ‘कमाल मर्यादा ठरली’ असं लिहायला सांगा. ‘मागमूस नाही’ हेही चालेल, पण पुढे ‘अमुक मर्यादेपर्यंत’ हवं.

उत्तर (सक्करदरा)
आपल्या नागपुरी बोलीत हा घोळच होत नाही, भाऊ. ‘शास्त्रज्ञ कृष्णद्रव्य शोधून राहिले’ म्हटलं की काम चालू आहे हे लहान पोरालाही समजते. छापायला कोणी धजत नाही, एवढंच. माझ्या मते भित्तिपत्रकात बिनधास्त छापावं.

उत्तर (धंतोली)
मलाही ते आवडेल. प्रमाण मराठीतच हवं असेल तर ‘चा’ ऐवजी ‘च्या’ करून ‘शोधात’ म्हणा: ‘कृष्णद्रव्याच्या शोधात : बटू दीर्घिका आणि गॅमा दुर्बिणी’. ‘शोधात’ म्हटलं की सापडलं असा अर्थ निघतच नाही. ‘शोधमोहीम’ही चालेल, पण नववीच्या मुलीच्या लेखाला तो शब्द जरा जड होईल.

महाल
‘शोधून राहिले’ मोठ्या अक्षरांत आणि त्याखाली ‘कृष्णद्रव्याच्या शोधात’, असं दोन्ही घेतो. ‘अपयश’ची ओळ ती स्वतःच बदलेल, सोमवारी तिला ही सगळी चर्चा वाचायला देतो.