गोल्फच्या सगळ्या वेजना मिडसाइझ ग्रिप? मला हे पटत नाही

हँडिकॅप १८ : 'मनगट फार चालते म्हणून चिप बिघडते, तेव्हा सगळ्या वेजना मिडसाइझ ग्रिप बसवून टाका,' असा सरसकट सल्ला काल या फोरमवर कुणीतरी दिला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. नवख्यांसाठी: चिप म्हणजे ग्रीनजवळून (होलभोवतीच्या बारीक गवताजवळून) मारलेला छोटा फटका, वेज म्हणजे त्यासाठीचा तिरक्या डोक्याचा क्लब, आणि ग्रिप म्हणजे त्याच्या मुठीवरचे रबर. मिडसाइझ म्हणजे साधारण १/१६ इंच जाडी वाढली, म्हणजे ग्रिपखाली गुंडाळायच्या टेपचे जवळपास चार थर. शिवाय अशी ग्रिप बहुधा जड असते, आणि मुठीकडे चार-पाच ग्रॅम वाढले की स्विंग वेट (फिरवताना डोके किती जड वाटते त्याचे माप) एका अंकाने उतरते. वेजच्या डोक्याचा भार हाताला जाणवावा म्हणून ते मुद्दाम जड ठेवतात. तोच भार आपण पैसे देऊन घालवायचा? खरी अडचण निराळी आहे. ग्रिप खाली निमुळती होत जाते आणि ग्रीनच्या काठावर आपण दोन इंच खाली धरतो, त्यामुळे उजव्या हाताला तिचा सर्वांत बारीक भाग येतो. भरायचेच असेल तर तिथे दोन थर द्यावेत आणि वरची बाजू आयर्नसारखीच (लांब फटक्यांच्या क्लबसारखीच) ठेवावी.

कामठीकर : आपला हिशेब बिनचूक आहे, फक्त आपल्या बोटांना संधिवात नाही हे ओळीओळीतून कळते. माझे वय ६७ आहे. सकाळी चहाच्या कपाचा कान धरतानाही मधल्या बोटाचा सांधा कुरकुरतो. बारीक ग्रिप आवळून बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) मारले की झणझण कोपरापर्यंत जाते. गेल्या पावसाळ्यात सँड वेजला मिडसाइझ बसवली आणि आता अठरा होल पुरे होतात. स्विंग वेट गेले चुलीत.

डिक्कीतला सेट : जाडीवरून भांडण्याआधी दोघांनीही आपापल्या ग्रिपवर नख फिरवून पाहावे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांना टेकतो आणि आपला सेट दिवसभर बंद डिक्कीत भाजत असतो. रबर कडक आणि गुळगुळीत होते, त्यावर घाम आणि सनस्क्रीनचा थर चढतो, हात निसटू नये म्हणून आपण आवळतो, मनगट आखडते, आणि दोष जातो जाडीला! माझ्या पिचिंग वेजची नवी ग्रिप दुकानदाराने टेपमध्ये कंजुषी करून बसवली होती. उन्हाळ्यात ती शाफ्टवर (क्लबच्या दांड्यावर) फिरली. ग्रिपवरची खूण घड्याळाच्या बारावरून दोनवर आली. मी खूण पाहूनच क्लब धरणारा, त्यामुळे फेस (चेंडूला लागणारी बाजू) डावीकडे वळून मिटला आणि तीन आठवडे प्रत्येक चिप डावीकडे गेली. मी मात्र स्विंग दुरुस्त करायला शिकवणीचे पैसे मोजत होतो.

हँडिकॅप १८ : आपल्या दुकानदाराबद्दल सहानुभूती आहे, पण धागा जाडीचा आहे, डिक्कीचा नव्हे.

डिक्कीतला सेट : धाग्याची मालकी आपली असेल, ऊन सगळ्यांचे आहे. कडक झालेल्या रबराखाली टेपचे दोन थर काय, वीस थर दिले तरी काय फरक पडणार?

कामठीकर : या मुद्द्यावर मी डिक्कीवाल्यांच्या बाजूने आहे. मी दर पंधरा दिवसांनी कोमट पाण्यात साबण घालून ग्रिप धुतो, जुन्या टूथब्रशने घासतो आणि सावलीत वाळवतो. सौ. म्हणतात, एवढ्या मायेने कधी ताट घासले नाही.

नियमवाला : धुणीभांडी आटोपली असतील तर एक विचारतो. उजव्या हाताखालचे थर जिथे संपतात तिथे बोटाला पायरी लागते का? नियमानुसार ग्रिप निमुळती चालते, पण तिला फुगवटा किंवा कंबर असता कामा नये. आणि पटर (ग्रीनवर चेंडू घरंगळवण्याचा क्लब) सोडल्यास तिचा छेदही गोलच हवा. मधेच दोन थर गुंडाळून सोडून दिले की फुगवटा आलाच, हँडिकॅप साहेब.

हँडिकॅप १८ : हा टोमणा वाचून कपाटातून माझे ५६ अंशांचे वेज काढले आणि डोळे मिटून बोट फिरवले. पायरी आहे, आणि मी ती दोन वर्षे 'फील' म्हणून मिरवत होतो. ग्रिप कापून थर आता वरच्या टोकापासूनच सुरू करून खालपर्यंत न्यावे लागतील, म्हणजे वरची बाजूही थोडी जाड होणारच. कामठीकर काकांनी हसून घ्यावे. त्यांच्या सँड वेजपुरती मिडसाइझ मान्य, पण ती माझ्या वेजवर चढणार नाही. आणि हो, ग्रिपवर नखही फिरवले. काचेसारखी लागली.

डिक्कीतला सेट : साबण कोणता आणायचा ते काकांना विचारा.