एस्टोनियाच्या काया कल्लास: जास्त जागा जिंकूनही विरोधात, मग साडेतीन वर्षांत तीन मंत्रिमंडळं... कोणी समजावेल का?

कुणकेश्वरकर

नमस्कार मंडळी. आम्ही देवगडात काही मुलं मिळून राज्यसेवेचा अभ्यास करतो, दर रविवारी एकाने एक विषय घ्यायचा आणि बाकीच्यांना समजवायचा असं ठरलंय. माझ्याकडे आघाडी सरकारं आलीत आणि मी मुद्दाम एस्टोनिया घेतला, कारण काया कल्लास हे नाव हल्ली बातम्यांत सारखं येतं, युरोपियन युनियनच्या परराष्ट्र धोरण प्रमुख म्हणून. त्याआधी त्या जानेवारी २०२१ ते जुलै २०२४ एस्टोनियाच्या पंतप्रधान होत्या, तिथल्या पहिल्या महिला पंतप्रधान. देश केवढा तर साधारण १३ लाख लोक, आपला रत्नागिरी जिल्हाच २०११ ला १६ लाखांचा होता. इथपर्यंत कळलं. पण २०१९ ला त्यांचा रिफॉर्म पक्ष पहिला आला तरी सत्ता दुसऱ्यांनी घेतली, मग त्याच दुसऱ्यांबरोबर यांनी सरकार केलं, मग त्यांनाच काढलं, आणि मधे निवडणूकच नाही! खासदार फुटले का? पक्षांतरबंदी तिकडे आहे का? आणि वडीलही पंतप्रधान होते म्हणे, मग ही घराणेशाहीच ना?

वेंगुर्ल्याची_वकील

छान विषय घेतलास. आधी आकडे लिहून घे. तिकडच्या संसदेला रिइगीकोगू म्हणतात, जागा १०१, बहुमत ५१. निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने (म्हणजे पक्षाला मतांच्या प्रमाणात जागा) होते आणि ५ टक्के मतांची अट आहे, त्यामुळे चार-पाच पक्ष हमखास येतात आणि एकट्याला ५१ मिळत नाहीत. आघाडी तिकडे नेहमीचीच.

मार्च २०१९ चा निकाल: रिफॉर्म ३४, सेंटर २६, एक्रे १९, इसामा १२, सोशल डेमोक्रॅट १०. राष्ट्राध्यक्षांनी पहिली संधी कल्लास यांना दिली, पण सभागृहात बाजूने ४५ आणि विरोधात ५३ मतं पडली. कारण तोवर सेंटरचे युरी रातास यांनी एक्रे आणि इसामाला धरून ५७ जमवले होते. एक्रे म्हणजे कट्टर उजवा पक्ष, आणि त्यांच्याबरोबर जाणार नाही असं रातास निवडणुकीआधी सांगत होते, म्हणून लोक जास्त चिडले. तुझ्या ग्रुपला समजवताना त्याच वर्षीचा महाराष्ट्र घे. १०५ वाला भाजप विरोधात बसला आणि ५६, ५४, ४४ वाल्यांनी मिळून सरकार केलं. गणित तेच.

जानेवारी २०२१ मध्ये राजधानी ताल्लिनमधल्या पोर्तो फ्रांको नावाच्या बांधकाम प्रकल्पावरून सेंटर पक्षाची भ्रष्टाचाराची चौकशी सुरू झाली आणि रातास यांनी राजीनामा दिला. आता निवडणूक का नाही, तर पंतप्रधान गेला म्हणजे सभागृह गेलं असं नसतं. राष्ट्राध्यक्ष १४ दिवसांत दुसरा उमेदवार सुचवतात, त्याने १४ दिवसांत सभागृहाची संमती मिळवायची, सगळे प्रयत्न फसले तरच मुदतपूर्व निवडणूक. कल्लास यांनी सेंटरलाच सोबत घेतलं आणि २६ जानेवारीला शपथ झाली.

पक्षांतराचं म्हणशील तर आपल्या दहाव्या परिशिष्टासारखी अपात्रता नाही. खासदाराने पक्ष सोडला तरी जागा त्याचीच राहते, फक्त दुसऱ्या पक्षाच्या संसदीय गटात जाता येत नाही. पण ही सरकारं बदलली ती फुटीने नाही हो, अख्खे पक्षच आत-बाहेर झाले, २०२२ लाही तेच.

दर्यावर्दी_गुहागर

बरो विषय काढलंस. मी मर्चंट नेव्हीत आहे, ताल्लिनजवळच्या मुगा बंदरात आमचं जहाज लागलेलं आहे, तिथल्या पोर्टवरच्या लोकांशी गप्पा मारल्या की दहा मिनिटांत विषय रशियावर येतो म्हणजे येतोच. त्यामुळे वकीलताईंनी २०२२ चा नुसता उल्लेख केला तिथे मी थोडं लिहितो, माझ्या मते कल्लास यांची खरी ओळख तिथेच झाली.

लोकसंख्येत साधारण चौथा हिस्सा रशियन वंशाचे लोक आहेत आणि त्यातली बरीच मतं वर्षानुवर्षं सेंटर पक्षाला जायची. फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाला आणि आघाडीत ताण आला. बालवाडीपासून एस्टोनियन भाषेत शिक्षण आणायचं विधेयक होतं, सेंटर सरकारात असून एक्रेबरोबर त्याच्या विरोधात गेला. शिवाय कुटुंब भत्ते वाढवायचा वाद होताच, सेंटरला ते हवे होते आणि कल्लास पैसा कुठून आणायचा विचारत होत्या. शेवटी ३ जूनला त्यांनी राष्ट्राध्यक्ष आलार कारिस यांना सांगून सेंटरचे सातच्या सात मंत्री काढले. ३४ खासदारांवर अल्पमताचं सरकार! पडलं नाही कारण अविश्वासाला ५१ लागतात आणि तेवढे विरोधक एकत्र येईनात. दीड महिना बोलणी चालली, मग त्यांनी तांत्रिक राजीनामा (म्हणजे नवं मंत्रिमंडळ करण्यापुरता) दिला आणि १८ जुलैला इसामा आणि सोशल डेमोक्रॅटना घेऊन दुसरं मंत्रिमंडळ.

एवढा कडकपणा कुठून येतो ते पण बघ. १९४९ च्या मार्चमध्ये सोव्हिएत सरकारने एस्टोनियातून २० हजारांवर माणसं सायबेरियाला नेली, बायका-पोरंच जास्त. त्यात कल्लास यांची आई होती, सहा महिन्यांची. ऑगस्ट २०२२ ला त्यांच्या सरकारने सीमेवरच्या नार्वा गावातला सोव्हिएत रणगाडा हलवला, आणि फेब्रुवारी २०२४ ला असली स्मारकं काढल्याबद्दल रशियाने त्यांना चक्क वॉन्टेड यादीत टाकलं, चालू पंतप्रधानाला. मला या बाईंबद्दल फार आदर आहे.

खाडीपट्टा_राजापूर

आदर मलाही आहे, पण रविवारी एकच बाजू सांगू नकोस.

मार्च २०२३ च्या निवडणुकीत रिफॉर्म ३७ वर गेला, कल्लास यांना स्वतःला ३१,८१६ मतं, तिथला विक्रम. (निम्म्याहून जास्त मतं ऑनलाइन पडली, हेही लिही.) मग नवा पक्ष एस्टी २०० चे १४ आणि सोशल डेमोक्रॅटचे ९ घेऊन ६० चं तिसरं मंत्रिमंडळ. आणि लगेच करवाढ! व्हॅट २० वरून २२ टक्के, आयकर वाढवायचं ठरलं, गाड्यांवर कर. संरक्षणाचा खर्च जीडीपीच्या ३ टक्क्यांवर न्यायचा म्हणजे पैसा लागणारच, कबूल, पण प्रचारात हे लोकांसमोर नीट मांडलं नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी महागाई २० टक्क्यांच्या वर गेली होती, मग सामान्य माणसाला काय वाटलं असेल?

आणि ऑगस्ट २०२३ चं प्रकरण. रशियाशी व्यापार बंद करा असं त्या सगळ्या युरोपला सांगत होत्या आणि नवऱ्याची भागीदारी असलेली वाहतूक कंपनी रशियात माल नेत होती. कंपनीने कायदा मोडला नाही म्हणतात, नवऱ्याने हिस्साही विकला, पण याच नवऱ्याच्या कंपनीला कल्लास यांनी साडेतीन लाख युरो कर्जाऊ दिलेले निघाले. राष्ट्राध्यक्ष कारिससुद्धा म्हणाले की तेव्हाच राजीनामा दिला असता तर बरं झालं असतं. मलाही तसंच वाटतं. तत्त्वाने उभं राहिलेल्या माणसाला जास्त कडक मोजावं लागतं.

घराणेशाही म्हणशील तर वडील सीम कल्लास यांनी १९९४ ला हा पक्ष काढला, २००२-०३ ला पंतप्रधान होते. मुलगी आधी वकील, २०१० ला पक्षात, २०११ ला खासदार, २०१४ ते १८ युरोपियन संसदेत, मग पक्षाध्यक्ष. आडनावाचा फायदा झालाच, पण वडिलांची खुर्ची थेट मिळाली नाही, मधे पंधरा वर्षांवर काळ गेला.

कुणकेश्वरकर

तिघांचे खूप आभार, आता चित्र डोळ्यांसमोर आलं. शेवटचं एक, जुलै २०२४ ला त्या ब्रसेल्सला निघाल्या तेव्हा तरी निवडणूक झाली का?

वेंगुर्ल्याची_वकील

नाही. १५ जुलैला राजीनामा, २३ जुलैला त्यांच्याच पक्षाचे क्रिस्तेन मिखाल पंतप्रधान, तेच तीन पक्ष. मार्च २०२५ ला मिखाल यांनी सोशल डेमोक्रॅटना बाहेर काढलं आणि उरलेल्या दोन पक्षांवर सरकार चालवलं. रिफॉर्म आणि एस्टी २०० चे २०२३ चे आकडे वर आहेतच, बेरीज कर आणि ५१ ला भिडते का ते मुलांनाच काढायला सांग.