बेरशेबाची विहीर

शास्त्रातील स्थळांजवळ राहिल्याने तोरा, म्हणजे यहुद्यांचा धर्मग्रंथ, अधिक जवळची वाटते, असे म्हणतात; ते मला मान्य आहे. मात्र इस्रायलच्या नेगेव वाळवंटातील बेरशेबात राहताना मला ती जवळीक श्रद्धेपेक्षा तपशिलातून लाभली. अलिबागला असताना परसातच विहीर असल्यामुळे, तोरेतील मूळपुरुष अब्राहामाने एका विहिरीसाठी अबीमलेख राजाला मेंढीची सात कोकरे देऊन शपथ का घ्यावी, हे मला उमगत नसे. तेल बेरशेबा या प्राचीन नगराच्या टेकाडावर, वेशीबाहेरील सुमारे ६९ मीटर खोल विहिरीत डोकावल्यावर, तेही नेगेवच्या भर उन्हात, ते उमगले. ('शेवा' म्हणजे सात आणि 'श्वुआ' म्हणजे शपथ, हा बेरशेबा या नावातला श्लेष इथले शाळकरी मूलही जाणते.) ही विहीर अब्राहामाचीच, असे मी म्हणणार नाही, कारण उत्खननात सापडलेले नगर लोहयुगातील, म्हणजे अब्राहामाच्या मानल्या जाणाऱ्या काळानंतरचे आहे. उलट १९७३ साली तेथील कोठाराच्या भिंतीत चिणलेले शृंगयुक्त (कोपऱ्यांना शिंगे असलेल्या) वेदीचे दगड सापडले, ते घडीव आहेत आणि एकावर सर्प कोरलेला आहे. तोरेच्या निर्गम या पुस्तकात तर वेदीसाठी घडीव दगड वर्ज्य ठरवला आहे. ग्रंथाशी माझे खरे बोलणे या विसंगतीपासून सुरू झाले. अर्थात, अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या कातळावर एलियाहू हनाबी या संदेष्ट्याच्या रथाची खूण दाखवणाऱ्या माझ्या आजीला त्या जवळिकीसाठी नेगेवपर्यंत यावे लागले नव्हते.