पशुवैद्यकाविरुद्धची तक्रार पशुवैद्यकांनीच ऐकायची, पटते का?

धरमपेठकर
आमच्या शेजारच्या काकूंची लॅब्रेडोर, गर्भाशयात पू झाला म्हणून एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशनला नेली आणि त्याच रात्री गेली. रात्री तिच्याजवळ कोणी होतं का, कोणी सांगायला तयार नाही. हातात कागद काय मिळाला, तर "सर्जरी, सलाईन, इंजेक्शन" आणि खाली रक्कम. कोणतं इंजेक्शन, किती वाजता, आधी रक्त तपासलं की नाही, एक अक्षर नाही. मी म्हटलं राज्य पशुवैद्यक परिषदेकडे तक्रार करा, ऑफिस आपल्या नागपुरातच आहे, तर काकू म्हणे "तिथे सगळे त्यांचेच लोक, कशाला जाऊ". आता हे खोटं आहे का सांगा? १९८४ च्या कायद्यानं बनलेली परिषद, त्यात पशुवैद्यकांनी निवडून दिलेले पशुवैद्यक, कॉलेजांचे प्रमुख, पशुसंवर्धन खात्याचे अधिकारी. पाळणाऱ्याच्या बाजूनं बसणारा माणूस हक्कानं तिथे असायला पाहिजे की नाही? आणि निकाल कारणांसकट लेखी मिळाला पाहिजे, का फेटाळली ते कळलंच पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

डॉ_व्हेट_नागपूर
भाऊ, मी स्वतः प्रॅक्टिस करतो म्हणून बोलतो. पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू, झालेली कुत्री बहुतेकदा उशिरा येते, पाणी खूप प्यायला लागलेली, खाणं सुटलेलं, तोवर विष रक्तात गेलेलं, किडनीवर आलेलं. ऑपरेशन नाही केलं तर मरते, केलं तरी काही मरतात. मेली म्हणजे चूकच झाली असं नसतं, आणि ते कोण ठरवणार? सर्जरी कळणाराच ना? वकील किंवा समाजसेवक बसवून काय ठरेल? आजकाल तर परिषदेकडे जायच्या आधीच लोक गुगलवर एक स्टार देऊन डॉक्टरचा फोटो फिरवून राह्यले, त्याचं काय?

धरमपेठकर
डॉक्टरसाहेब, सर्जरी कळणारे असूच द्या, मी काढा म्हटलंच नाही, एखादा बाहेरचा जोडा म्हटलं. आणि चूक झाली की नाही हे ठरवायला नोंदी लागतात, त्या तुमच्याच हातात आहेत ना? केसपेपर भरलाच नाही तर फायदा कोणाला?

डॉ_व्हेट_नागपूर
नोंदींचं मान्य, त्यात माझा वाद नाही. पण पोस्टमॉर्टेम केलं का? लोक रडत घेऊन जातात, पुरून टाकतात आणि मग तक्रार करतात. शंका असेल तर लगेच बर्फात ठेवून सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजमध्ये विचारा, डीप फ्रीजरमध्ये टाकू नका, गोठलं की पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धड काही दिसत नाही. मे महिन्यात नागपुरात तर काही तासांतच शरीर सडायला लागतं.

सीताबर्डी_ॲडव्होकेट
दोघांचंही ऐकून एक सांगते. परिषद फक्त शिस्तीचं बघते, समज देईल, फार तर नोंदणी काढेल. पैसे पाहिजे असतील तर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. दोन्हीकडे जाता येतं. सरकारी दवाखान्यात सगळ्यांनाच फुकट उपचार असतील तर मात्र ग्राहक आयोगाचा रस्ता अवघड. आणि तक्रारीचं काय झालं हे कळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. काकूंना सांगा, बिल आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं डिलीट करू नका.

काटोलचा_शेतकरी
तुमचं सगळं कुत्र्यावरच चाललं बाप्पा. आमच्याकडे म्हैस आडवी झाली की जो येतो तो डॉक्टर आहे का हेच माहीत नसते. दोन बाटल्या सलाईन लावली, पैसे घेतले, गेला. म्हैस मेली. तक्रार कुठे करू? नोंदणीच नाही तर परिषद त्याचं काय काढणार? कायद्यात तर नोंदणीकृत पशुवैद्यकाशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही म्हणते, बाकीच्यांनी डॉक्टरच्या देखरेखीत किरकोळ कामं करायची. देखरेख करायला गावात डॉक्टर येते कोण?

डॉ_व्हेट_नागपूर
हे अगदी खरं बोलले दादा. खऱ्या डॉक्टरचं नाव तक्रारीत येतं, बोगस मोकळा फिरतो. त्याच्यावर पोलिसात तक्रार करा, नोंदणी आहे का ते आधी परिषदेला लेखी विचारा.

धरमपेठकर
बोगसवाल्यांवर कारवाई व्हावी यात वाद नाही, पण त्या नावाखाली नोंदणीवाल्यांचा हिशोब मागे पडू नये. काकूंचा अर्ज मी आज लिहून देतो. दवाखान्याकडून पूर्ण केसपेपरची लेखी मागणी आधी करतो, द्यायला नकार दिला तर तेही अर्जात लिहीन.

सीताबर्डी_ॲडव्होकेट
मागणी स्पीड पोस्टानं करा आणि पोचपावती जपून ठेवा.